कर्णपटलापलीकडचे श्रवण : प्रस्तावना

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत कान-नाक-घशाच्या दवाखान्याची पायरी चढणाऱ्या माणसांच्या कैफियतींमध्ये एक कैफियत अशी असते की, कानात उजेड टाकून पाहणाऱ्या वैद्याला तिचे मूळ कानात सापडत नाही आणि श्रवणमापनाच्या यंत्रातून निघणाऱ्या कागदावरही तिची खूण उमटत नाही. “आवाज येतो, पण काय बोलायलेत ते कळंना,” असे एखादा वृद्ध सांगतो. “वर्गात ऐकू सगळं येतंय, पण सर काय सांगायलेत ते लिहून घेईपर्यंत सुटून जातंय,” असे अकरावीचा विद्यार्थी सांगतो. आणि तिसरीतल्या मुलाला तर आपल्याला काय होते हेच सांगता येत नसल्यामुळे त्याच्या वतीने त्याची आई सांगते की, हाक मारली की बघतो, पण एक काम सांगावे तर दुसरेच करून येतो. तपासणी होते, श्रवणालेख प्राकृत किंवा वयोमानानुसार ठीक असल्याचा निर्वाळा मिळतो, आणि त्या निर्वाळ्यानिशी वृद्धाची तक्रार म्हातारपणाच्या खाती, विद्यार्थ्याची तक्रार अभ्यासाच्या कंटाळ्याच्या खाती आणि मुलाची तक्रार बेफिकिरीच्या खाती जमा होते. वस्तुतः तक्रारही खरी आणि कागदही खरा, अशी स्थिती असू शकते. ध्वनी कानापर्यंत निर्वेध पोहोचूनही कानापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर त्याचे पृथक्करण, क्रम आणि अर्थग्रहण यांत बिघाड होणे, यास श्रवणशास्त्रात केंद्रीय श्रवणप्रक्रिया विकार असे नाव आहे. बाल्यापासून वार्धक्यापर्यंत तो कोणत्या रूपांनी प्रकट होतो, त्याचे निदान कसे करावे आणि त्यावर उपचार काय, हा या ग्रंथाचा विषय आहे.

ऐकणे म्हणजे कानाचे काम, ही आपली समजूत इतकी दृढ आहे की, तिला धक्का दिल्यावाचून या विषयात पाऊल टाकता येत नाही. जुन्या कचेरीतील व्यवस्थेचा दाखला द्यायचा तर कान हा बारनिशीचा कारकून होय : बाहेरून आलेला प्रत्येक कागद तो नोंदून आत पाठवितो, परंतु त्यातील मजकूर वाचणे, तातडीचा कागद रद्दीतून वेगळा काढणे आणि त्यावर हुकूम करणे हे आतल्या शाखांचे काम असते. कर्णपटलाची कंपने अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत पोहोचली की तेथे त्यांचे विद्युत्संकेतांत रूपांतर होते. श्रवणनाडीतून हे संकेत मस्तिष्कस्तंभात शिरतात. तेथे उजव्या व डाव्या कानाकडून आलेल्या संकेतांची प्रथम गाठ पडते, आणि एका कानाशी ध्वनी दुसऱ्यापेक्षा किती आधी पोहोचला, यावरून तो कोणत्या दिशेने आला याचा निर्णय होतो. हे अंतर जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. पुढे मध्यमस्तिष्क आणि थॅलॅमस ही ठाणी ओलांडून संकेत कानशिलालगतच्या मेंदूखंडात येतात, आणि तेथून भाषेचा कारभार सुरू होतो. क आणि ख यांतील भेद जीभ टाळूपासून सुटल्यावर कंठातील स्वर सुरू होईपर्यंतच्या काही मिलिसेकंदांवर अवलंबून असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या वाटेवरील किंचितशा दिरंगाईने ‘कात’ आणि ‘खात’ यांत घोटाळा का व्हावा, हे उमगते.

या ज्ञानाचा इतिहास फार जुना नाही. कान शाबूत असताना केवळ शब्दांपुरते बहिरेपण येऊ शकते, हे जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७७ साली नोंदविले होते. परंतु अशा बहिरेपणाची मोजणी करण्याची युक्ती सापडावयास १९५४ साल उजाडले. त्या वर्षी इटलीतील बोक्का आणि त्यांचे सहकारी यांनी, मेंदूच्या कानशिलाकडील खंडात गाठ असलेल्या रुग्णांना साधे, स्पष्ट बोलणे व्यवस्थित समजते, मात्र त्याच बोलण्यातील उंच कंपनांचा अंश गाळून ते अंधुक केले तर गाठीच्या विरुद्ध बाजूचा कान हार खातो, हे दाखवून दिले. बोलण्यात अर्थनिश्चितीसाठी आवश्यक असतात त्याहून पुष्कळ अधिक खुणा असतात, म्हणून निवांत खोलीतली सोपी परीक्षा मेंदूचे वैगुण्य झाकून टाकते. वैगुण्य उघडे पाडायचे तर परीक्षा अवघड केली पाहिजे. या एका तत्त्वावर पुढच्या सर्व चाचण्या उभ्या आहेत. त्याच वर्षी अमेरिकेत मायकलबस्ट यांनी मुलांच्या श्रवणविकारांवरील आपल्या ग्रंथात, प्रत्येक न ऐकणारे मूल कानाने अधू नसते, असे प्रतिपादन केले. १९६१ साली माँट्रियल येथे डोरीन किमुरा यांनी दोन्ही कानांत एकाच क्षणी निरनिराळे अंक ऐकवून, उजव्या कानाचे अंक अधिक बरोबर सांगितले जातात, हे सिद्ध केले. कारण बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत वसते आणि उजव्या कानाची वाट तिकडे सरळ जाते, तर डाव्या कानाचा संदेश उजव्या मेंदूत उतरून दोहोंना जोडणाऱ्या तंतुसेतूवरून पलीकडे न्यावा लागतो. हा सेतू परिपक्व व्हावयास वयाची अकरा-बारा वर्षे लागतात. लहान मुलाचा डावा कान या परीक्षेत मागे पडला तर तो विकार नव्हे, वय आहे, हे परीक्षकाने विसरता कामा नये.

या विकाराविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि ते वाचकापासून लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्लंडमध्ये डेव्हिड मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत जाणाऱ्या सुमारे दीड हजार मुलांची परीक्षा घेऊन २०१० साली असे मत मांडले की, ज्या मुलांना ऐकून समजत नाही त्यांच्यात ध्वनिग्रहणाच्या सूक्ष्म वैगुण्यापेक्षा अवधानाची चंचलता आणि बुद्धीची इतर अंगे यांचा वाटा अधिक असतो. उलट अमेरिकेतील श्रवणतज्ज्ञांच्या संघटनांनी हा स्वतंत्र विकार मानून त्याच्या निदानाचे नियम घालून दिले आहेत. प्रस्तुत लेखकाला या वादातून एवढेच निष्पन्न होताना दिसते की, ‘ऐकून समजत नाही’ हे लक्षण अनेक घरांचे पाहुणे असू शकते. अवधानाचा दोष, वाचनाक्षमता, भाषाविकासातील मंदगती, मंद बुद्धी, घरातली एक भाषा आणि शाळेतली दुसरी, एवढेच काय पण रात्रीची अपुरी झोप, यांतील प्रत्येकाचा विचार करून झाल्यावाचून केंद्रीय श्रवणविकाराचा शिक्का कोणावर मारू नये. पण तज्ज्ञांचे एकमत होईपर्यंत मुलाने वर्गाच्या शेवटच्या बाकावर वाट पाहावी, असाही याचा अर्थ नव्हे. मदतीची गरज लक्षणाला असते, नावाला नसते.

बाल्यावस्थेतील कारणे शोधू गेल्यास आपल्या भागात पहिली नजर कान वाहण्यावर जाते. पावसाळ्यात सर्दी होते, मध्यकर्णात पाणी साचते, पडदा फाटून कान फुटतो, आजी कोमट तेलाचे दोन थेंब सोडते, आणि वाहणे थांबले की दुखणे संपले असे घर समजते. परंतु वयाच्या पहिल्या तीन-चार वर्षांत, म्हणजे भाषेच्या ध्वनींची घडी मेंदूत बसत असताना, ज्या मुलाला महिनोन्‌महिने अर्धवट ऐकू आले, त्याचा कान पुढे कोरडा होऊन श्रवणालेख प्राकृत झाला, तरी गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची त्याची शक्ती काही काळ दुबळी राहते, असे अनुभवास आले आहे. म्हणून वाहणाऱ्या कानात तेल, लसणाचा रस वा कोणतेही घरगुती द्रव्य न सोडता त्याचा वेळीच इलाज करणे हा केंद्रीय विकाराच्याही प्रतिबंधाचा भाग होय. दुसरे कारण जन्मवेळचे : अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः गुदमरणे, आणि नवजाताची तीव्र कावीळ. कावीळीतील पित्तरंजक मस्तिष्कस्तंभातील श्रवणकेंद्रांना विशेषेकरून बाधतो. अशा काही मुलांत अंतःकर्णातील केशपेशी काम देत असतात, पण नाडीतून जाणारे संकेत एकसमयी न राहता विखुरतात. त्या स्थितीला श्रवणनाडी-विसंगती म्हणतात. ती केंद्रीय विकाराहून भिन्न असून तिचे उपचारही निराळे आहेत. पालकांच्या तोंडी ‘बेरा’ या नावाने रुळलेली मस्तिष्कस्तंभाची विद्युत्‌परीक्षा आणि अंतःकर्णाच्या प्रतिध्वनीची परीक्षा अशा दोन्ही केल्याखेरीज हा भेद कळत नाही. दोहोंतील एकच तपासणी करून फाइल बंद करण्याचा शिरस्ता मोडला पाहिजे.

खुद्द केंद्रीय विकाराची परीक्षा वयाच्या सातव्या वर्षाआधी करू नये, असा संकेत आहे. कारण त्याआधी निरोगी मुलांच्याच गुणांत इतकी तफावत असते की मर्यादारेषा आखता येत नाही. परीक्षा एकच नसून तिचा संच असतो. दोन्ही कानांत भिन्न अंक वा अक्षरे ऐकविणे. सलग खळखळाटातील काही मिलिसेकंदांची फट ओळखावयास लावणे. उंच व नीच अशा तीन स्वरांचा क्रम सांगावयास लावणे. गोंगाटात बुडविलेले शब्द उच्चारून घेणे. आणि एका ध्वनीला दुसऱ्याने झाकले असता दोन्ही कानांच्या सहकार्याने तो किती उघडा पडतो हे मोजणे. एकेक परीक्षा मार्गातील एकेका ठाण्याकडे बोट दाखविते. यांपैकी किमान दोन परीक्षांत मूल त्याच वयाच्या मुलांच्या सरासरीहून दोन प्रमाणविचलनांनी मागे असेल तर निदान करावे, असा अमेरिकी श्रवणसंघटनेच्या २००५ च्या अहवालातील दंडक पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. आपल्या देशात म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्थेत आशा यतिराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेतच वापरता येईल अशी प्रश्नावली आणि भारतीय मुलांसाठी चाचण्या सिद्ध केल्या, हे कार्य कृतज्ञतापूर्वक सांगितले पाहिजे. शिक्षकाला त्या प्रश्नावलीवरून संशयित मूल हेरता येते. निदान मात्र प्रशिक्षित श्रवणतज्ज्ञानेच करावे.

‘त्याच वयाच्या मुलांची सरासरी’ हे शब्द लिहिणे सोपे आहे. नांदेड-लातुरात ती सरासरी कोणाची धरावयाची, हा मात्र या विषयातला सर्वांत बिकट मामला आहे, आणि येथे थोडा अधिक वेळ थांबण्याची वाचकांनी मला मुभा द्यावी. २०११ च्या जनगणनेत या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ५८ लाखांवर होती, आणि ही सारी माणसे एका भाषेची नाहीत. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांत घरोघरी तेलुगू चालते, उदगीर, देवणी, निलंगा या बाजूस कानडी, दोन्ही शहरांच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनी उर्दू, तांड्यांवर गोरमाटी, आणि किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी व कोलामी. पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलाच्या कानावर शाळेची मराठी ही पुष्कळदा दुसरी भाषा म्हणून पडत असते, आणि दुसऱ्या भाषेतील बोलणे गोंगाटात समजून घेणे निरोगी माणसालाही पहिलीपेक्षा जड जाते, हे सिद्ध झालेले आहे. अशा मुलाची परीक्षा पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीत घेतली आणि तो नापास झाला, तर तो निकाल त्याच्या मेंदूचा की त्याच्या जन्मगावाचा, हे परीक्षकाने स्वतःला विचारले पाहिजे.

मराठी घरातील मुलालाही हा प्रश्न सुटलेला नाही. लातूर-नांदेडच्या खेड्यांतील बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘लोणी’चे ‘लोनी’ होते. तेव्हा न आणि ण यांचा भेद ओळखण्यावर आधारलेली शब्दयादी या मुलाला दोषी ठरवील, आणि दोष यादीचा असेल. अंकांची गोष्ट त्याहून बोधप्रद आहे. दोन्ही कानांत एकाच क्षणी अंक ऐकवायचे तर त्यांची लांबी सारखी असावी लागते, म्हणून इंग्रजी चाचणीत एका अवयवाचे अंक निवडलेले असतात. मराठीत एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ हे अंक ती अट पाळतात, सहा व नऊ पाळत नाहीत. दखनीतही थोड्याफार फरकाने तसेच जमते. पण तेलुगूत ‘रेंडु’, ‘मूडु’, ‘नालुगु’, ‘एनिमिदि’ आणि कानडीत ‘ओंदु’, ‘एरडु’, ‘ओंबत्तु’ असे सगळेच अंक दोन वा अधिक अवयवांचे आहेत. तेथे निराळी जुळणी करून, निराळे ध्वनिमुद्रण करून, त्याच भाषेच्या निरोगी मुलांवर ते आजमावून मगच मानके ठरवावी लागतात. केवळ भाषांतर करून चाचणी एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नेता येत नाही. तोवर काय करावे? शब्दांवर न विसंबणाऱ्या परीक्षा आधी घ्याव्यात, म्हणजे स्वरांचा क्रम, खळखळाटातील फट आणि झाकलेल्या ध्वनीची परीक्षा. घरात कोणती भाषा बोलली जाते याची नोंद प्रत्येक अहवालाच्या शिरोभागी असावी. आणि जेथे भाषेविषयी संदेह आहे तेथे निर्णय राखून ठेवून सहा महिन्यांनी फेरतपासणी करावी. निजामी अमदानीत उर्दू माध्यमातून शिकलेले जे मोजके वयोवृद्ध आज हयात आहेत, त्यांनाही अंक कोणत्या भाषेत मोजता, हे आधी विचारावे.

उपचाराकडे वळताना प्रथम शाळेच्या इमारतीकडे पाहावे. पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या वर्गात जुलैचा पाऊस कोसळू लागला म्हणजे गुरुजींचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नाही. उन्हाळ्यात पंखे घरघरतात. शेजारच्या वर्गात पाढे चाललेले असतात. आणि उघड्या भिंती प्रत्येक शब्दाचा घुमारा पुढच्या शब्दावर टाकतात. मुलाला बोलणे नीट समजावयाचे तर शिक्षकाचा आवाज गोंगाटाहून निदान १५ डेसिबेलने वर असावा आणि रिकाम्या वर्गाचा गोंगाट ३५ डेसिबेलच्या आत असावा, असा अमेरिकी दंडक आहे. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळेभोवतीच्या शांतता क्षेत्रालाच दिवसा ५० डेसिबेलची मर्यादा दिली आहे, आणि तीही पाळली जात नाही. तथापि पैशावाचून होण्यासारखे पुष्कळ आहे. मुलाला खिडकी आणि दार यांपासून दूर, शिक्षकाच्या समोर बसवावे. फळ्याकडे तोंड करून सांगू नये. सूचना एका वेळी एकच द्यावी, आणि समजली नाही तर तीच मोठ्याने न ओरडता निराळ्या सोप्या शब्दांत सांगावी. मुख्य शब्द फळ्यावर लिहावा. भिंतीवर जुनी गोधडी वा सतरंजी टांगावी, म्हणजे घुमारा उतरतो. ज्यांना परवडेल त्यांनी शिक्षकाच्या गळ्यातील ध्वनिग्राहकातून थेट मुलाच्या कानात आवाज पोहोचविणारे बिनतारी साधन घ्यावे. त्याचा लाभ शाळेत मुलाने किती वापरले यावर अवलंबून असतो, विकत घेतल्यावर नव्हे.

दुसरा उपाय थेट प्रशिक्षणाचा. ज्या मुलाचा डावा कान दुहेरी परीक्षेत हरतो, त्याला बलवान कानातला आवाज मुद्दाम मंद करून आणि दुर्बल कानातला पूर्ण ठेवून ऐकण्याचा सराव देतात, आणि दुर्बल कान सरसावत जाईल तसतसे दोन्ही आवाज हळूहळू समपातळीवर आणतात. ज्याला दिशेवरून बोलणारा वेगळा काढता येत नाही, त्याच्यासाठी ऑस्ट्रेलियात कॅमेरॉन आणि डिलन यांनी खेळरूप सराव रचला आहे. ज्याला स्वरांचा चढउतार कळत नाही त्याच्यासाठी मात्र परदेशी साधनाची वाट पाहावी लागत नाही. प्रचलित स्वरक्रम-परीक्षेत ८८० आणि ११२२ कंपनांचे दोन स्वर वापरतात. हे अंतर जवळजवळ षड्ज आणि किंचित चढ्या शुद्ध गंधाराइतके आहे. परिपाठासाठी कित्येक शाळांत पेटी असते. तिच्यावर सा-सा-ग, ग-सा-ग असे तीन स्वर वाजवून मुलाकडून आधी गुणगुणून आणि मग ‘खाली-खाली-वर’ असे शब्दांत वदवून घेणे, हा सराव भजनाची आवड असलेला कोणताही शिक्षक देऊ शकतो. यास निदान मानू नये, रोगमुक्तीची हमीही मानू नये. प्रशिक्षणाचे फळ परीक्षेतील गुणांवर दिसते तितके वर्गातील व्यवहारात उतरतेच असे नाही, आणि म्हणून दर काही महिन्यांनी शिक्षक आणि पालक यांच्याकडून प्रत्यक्ष फरकाची माहिती घेतली पाहिजे.

किशोरवयात या विकाराला लातूर शहर एक विशेष रंगभूमी पुरविते. ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती ऐकून गावोगावची मुले दहावीनंतर येथे येतात, मराठी माध्यमातून निघून एकदम इंग्रजी पुस्तकांसमोर बसतात, आणि शेकडो विद्यार्थ्यांच्या सभागृहात ध्वनिवर्धकावरून चाललेले व्याख्यान ऐकता ऐकता लिहून घेतात. भाषा नवी, वेग मोठा, आवाज घुमणारा, आणि ऐकणे व लिहिणे एकाच क्षणी. ज्या मुलाने दहावीपर्यंत हुशारीच्या बळावर आपले वैगुण्य झाकले असेल, त्याचे झाकण येथे उडते. आणि गुण घसरले की मूल स्वतःलाच नालायक ठरवू लागते. अशा विद्यार्थ्यास छापील टिपणे आधी देणे, व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण करू देणे आणि पुढच्या रांगेत जागा देणे, एवढी तजवीज वर्गचालकांना सहज करता येईल. नामांकित शिक्षणसंस्थांनी यात पुढाकार घ्यावा, कारण येथील इतर वर्ग त्यांचेच अनुकरण करतात.

प्रौढपणी विकार नव्याने येतो तो प्रायः आघाताने, पक्षाघाताने वा गोंगाटाने. इराक व अफगाणिस्तानच्या युद्धांत स्फोटाच्या धक्क्यात सापडून परतलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी अनेकांचे श्रवणालेख प्राकृत असूनही केंद्रीय परीक्षांत ते मागे पडले, असे आढळले आहे. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरातील घरांचे दगडमातीचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. ढिगाऱ्यातून वाचलेली त्या वेळची शाळकरी मुले आज चाळिशीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी ऐकून न समजण्याची तक्रार आणली, तर त्या रात्री डोक्याला मार लागला होता काय, हा प्रश्न वैद्याने विचारलाच पाहिजे. आणि दुचाकीच्या अपघातातून उठलेल्या तरुणालाही तो विचारला पाहिजे. सूतगिरणी, जिनिंग आणि डाळमिल यांत वर्षानुवर्षे राबलेल्या कामगाराची गोष्ट वेगळी. कुजावा आणि लिबरमन यांनी २००९ साली उंदरांवर दाखविले की, मोठ्या आवाजानंतर श्रवणाची पातळी पूर्ववत झाली तरी केशपेशी आणि नाडी यांचे कित्येक सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. माणसात हे कितपत घडते याचा शोध चालू आहे; परंतु कामगाराच्या कानाला संरक्षण देण्यासाठी त्या शोधाच्या समाप्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.

वार्धक्यात कान आणि मेंदू दोन्ही मंदावतात, आणि कोणाचा दोष किती हे वेगळे काढणे अवघड होते. मुलांनी हौसेने पैसे जमवून कानाची मशीन आणलेली असते, ती आठ दिवसांत डबीत जाते, आणि घर म्हणते की म्हातारा हट्टी आहे. मशीन आवाज वाढविते, पण जलद बोलणे सावकाश करू शकत नाही. ध्वनींमधील सूक्ष्म फट ओळखण्याची मेंदूची शक्ती ओसरली असेल तर वाढविलेला आवाज केवळ वाढलेला गोंगाट ठरतो. काही वृद्धांना तर दोन्ही कानांस मशीन लावली असता एकीपेक्षा कमी समजते, म्हणून प्रत्येक कानाची वेगळी आणि दोहोंची एकत्र परीक्षा केल्याशिवाय दोन मशिनी विकत घेऊ नयेत. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील वृद्धांच्या पाहणीत गेट्स आणि सहकाऱ्यांना १९९६ साली असे आढळले की, इतर आवाजात मिसळलेले वाक्य ओळखण्यात जे अतिशय मागे होते त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक निघाले. आणि ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणे सांगितली त्यांत बहिरेपण आहे. म्हणून वृद्धाच्या या तक्रारीकडे कानाच्या वैद्याने आणि मेंदूच्या वैद्याने मिळून पाहावे. घरच्यांनी मात्र आजच एवढे करावे : टीव्ही बंद करून, समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून, सावकाश बोलावे, आणि एका वेळी एकानेच बोलावे.

राहता राहिला सरकारी दप्तराचा प्रश्न. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या विकाराचे स्वतंत्र नाव नाही. श्रवणदोषाची व्याख्या तेथे डेसिबेलवर केलेली असल्यामुळे ज्याचा श्रवणालेख प्राकृत आहे त्याला त्या दाराने आत जाता येत नाही. परंतु त्याच कायद्यातील विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत लिहिलेल्या भाषेबरोबर बोललेल्या भाषेच्या आकलनाचाही आणि संवेदनग्रहणाच्या दोषांचाही उल्लेख आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आली आहे. अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ सालीच घेतला होता, आणि शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथूनच सुरू झाला. दाखला देणाऱ्या मंडळाने केवळ वाचन-लेखनाची परीक्षा न घेता श्रवणप्रक्रियेचा अहवालही विचारात घ्यावा, एवढ्या दुरुस्तीने कित्येक मुलांची सोय होईल. आज पूर्ण तपासणीसाठी मुंबईच्या अली यावर जंग संस्थेची पाचसहाशे किलोमीटरची वाट धरावी लागते. नांदेडकरांना तिची सिकंदराबादची शाखा त्या मानाने जवळ पडते. पण रोजंदारी बुडवून मुलाला तेथवर नेणे आणि उपचारासाठी पुन्हा पुन्हा नेणे किती पालकांना शक्य आहे?

म्हणून या प्रस्तावनेच्या अखेरीस एक जाहीर मागणी करतो. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांनी एकत्र बसून, मराठवाडी मराठी, दखनी, तेलुगू, कानडी आणि गोरमाटी या भाषांच्या शब्दयाद्या व अंकयाद्या स्थानिक आवाजांत ध्वनिमुद्रित कराव्यात, तालुकावार निरोगी मुलांवर आणि वृद्धांवर त्या आजमावून मानके प्रसिद्ध कराव्यात, आणि ती प्रत्येक शासकीय श्रवणकक्षाला विनामूल्य द्यावीत. वैद्यक, भाषाशास्त्र आणि संख्याशास्त्र या तिन्ही विद्या येथे शिकविल्या जातात. लागणारे यंत्र म्हणजे एक चांगला ध्वनिग्राहक आणि एक संगणक. गोंडी आणि कोलामीचे काम वेळखाऊ आहे, म्हणून ते सर्वांआधी हाती घ्यावे.